रामटेकचा गड, कार्तिक आणि आपली गँग

मित्रांची गँग, उघड्यावर दिवसभर गाणी आणि रात्री बसलेला घसा. हे सगळं नवीन वाटतं ना? मग चला, नागपूरपासून साधारण ५० किलोमीटरवर, रामटेकला.

इथे कार्तिक पौर्णिमेला जत्रा भरते. लोक अंबाळा तलावापासून पायऱ्या चढत गडावर जातात, भजनं म्हणतात आणि रात्रीचा त्रिपूर बघायला थांबून राहतात.

आता थेट पाचव्या शतकात जाऊ. दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक प्रभावतीगुप्ता ही वाकाटकांची राणी. नवरा गेला, मुलं लहान, म्हणून कारभार तिनेच सांभाळला. राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचं नगरधन. पुण्यात मिळालेल्या तिच्या ताम्रपटात एका गावाचं दान नोंदवलंय. तिथी माहितीये? कार्तिक शुद्ध द्वादशी! पौर्णिमेच्या तीनच दिवस आधी. तिचा ऋद्धपूरचा ताम्रपट तर रामगिरीच्या देवाच्या पायाशी दिलेला आहे. हा रामगिरी म्हणजेच आपलं रामटेक, आणि ‘मेघदूता’तला एकटा यक्षही इथलाच, असं वा. वि. मिराशींनी मांडलं. आज त्याच कालिदासाच्या नावाने संगीताचे महोत्सव होतात.

पण एक बघा. ताम्रपटात राणीचं नाव आहे, गावाचं आहे, दान घेणाऱ्याचंही आहे. मित्रांसोबत गड चढणाऱ्या साध्या माणसांची नावं मात्र कुणी तांब्यावर कोरली नाहीत.

म्हणून पुढच्या वेळी ग्रुप फोटो काढलात, की खाली सगळ्यांची नावं आणि तारीख नक्की लिहा. भेटू पुढच्या भागात!