मांजराच्या गळ्यातील दोर

कुत्र्याच्या गळ्यात साखळी असावी, बैलाच्या नाकात वेसण असावी, यात कोणास नवल वाटत नाही. पण मांजराला दोर बांधून रस्त्याने नेणे आपल्या लोकांस अजून हास्यास्पद वाटते. इंद्रायणीकाठचे, देहूच्या शेजारचे तळवडे हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. शेतांच्या जागी कारखाने, संगणकाच्या कचेऱ्या व उंच इमारती उभ्या राहिल्या. कौलारू छपरे आणि धान्याच्या कणग्या हे ज्याचे राज्य, ते मांजर अशा वस्तीत वरच्या मजल्यावरील दोन खोल्यांत येऊन पडते. मग त्याच्या छातीभोवती पट्टा आवळून त्यास खाली फिरवून आणण्याची रीत निघते, आणि जुनी मंडळी तिला नव्या जमान्याचे थेर म्हणतात. आमच्या मते ही रीत मुळीच नवी नाही.

मिसर देशात थीब्ज येथील थडग्यांच्या भिंतींवर सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची चित्रे आहेत. त्यांत एके ठिकाणी यजमानिणीच्या खुर्चीखाली मांजर बसलेले असून त्याच्या गळ्यातील दोर खुर्चीच्या पायाला बांधलेला दिसतो. पण इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याकडे तर मार्जारकुलातील एक थोरला गृहस्थ शतकानुशतके दोरीवर चालत होता. तो म्हणजे चित्ता.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्त्याकरवी करावयाच्या शिकारीचे वर्णन आहे. ही परंपरा दक्षिणेत फार काळ टिकली. कोल्हापूर दरबारी विसाव्या शतकातही चित्ते बाळगले जात. हे जनावर माणसाळावे कसे, याची युक्ती मोठी मार्मिक होती. मारझोडीने मार्जारजाती वश होत नाही, हे चित्तेवान जाणून होते. ते धरलेल्या चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवीत, त्याला खाटेला बांधीत, त्याच्याशी बोलत, आपल्या हाताने भरवीत. पुढे कमरेला व गळ्याला दोर लावून त्यास भर बाजारातून फिरवीत, की माणसांच्या गलबल्याची त्यास सवय व्हावी. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत अध्यापन केलेले जॉन लॉकवुड किपलिंग यांनी १८९१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात बाजारातून हिंडविल्या जाणाऱ्या अशा चित्त्यांचे वर्णन केले आहे. शिकारीच्या दिवशी चित्त्याला छकड्यात बसवून काळविटांच्या कळपाजवळ नेत. बैलगाडीला काळवीट बिचकत नसे. मग टोपी काढून दोर सोडीत. सावज पडले की चित्तेवान धावत जाऊन लाकडी पळीत त्याचे रक्त पाजी, आणि चित्ता पुन्हा मुकाट्याने टोपीखाली येई.

हा सगळा खटाटोप पाहिला म्हणजे माणसाच्या चिकाटीचे कौतुक वाटते. परंतु या कौतुकाला दुसरी बाजू आहे. जहांगीर बादशहाने आत्मचरित्रात लिहिले आहे की, आपल्या पित्याने, म्हणजे अकबराने, एक हजार चित्ते जमविले होते आणि त्यांची जोडी जमावी अशी त्याची फार इच्छा होती. पण ते काही साधले नाही. पुढे जहांगीराच्या कारकीर्दीत एका नराने गळ्यातला पट्टा निसटवून मादीला गाठले, तेव्हा कोठे तीन पिले झाली! बंधनात चित्ता जगला, शिकारही करू लागला, पण त्याचा वंश चालेना. शिवाय शिकारीची कला आईपाशी शिकलेले, रानात वाढलेले जनावरच कामाचे. म्हणून प्रत्येक नवा चित्ता रानातूनच धरून आणावा लागे. कुरणे नांगराखाली गेली, बंदुकांनी आपले काम केले, आणि राजवाड्यांच्या हौसेनेही आपला वाटा उचलला. अखेरीस कोल्हापूरसारख्या दरबारांना चित्ते आफ्रिकेतून आणवावे लागले. १९४७ च्या सुमारास कोरिया संस्थानात शेवटचे तीन मारले गेले. १९५२ साली हा प्राणी देशातून नामशेष झाल्याचे सरकारने जाहीर केले. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातील आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो अरण्यात आणले गेले, तेही परक्या मुलखातून मागून आणलेलेच.

तळवड्याच्या मांजरावर अर्थातच असे संकट नाही. ते घरात जन्मते व घरात वाढते. तरी चित्तेवानाचा धडा त्याच्या धन्यानेही गिरवावा. मांजराचे गळ्याचे हाड स्नायूंत सुटे असते, त्यामुळे जेथे डोके शिरते तेथून बहुधा सारे अंग निघते. भ्यालेले मांजर गळ्यातील पट्ट्यातून मागे सरकून निसटते, किंवा त्यातच गुदमरते. म्हणून पट्टा छातीभोवती हवा. तो आधी घरात, काही दिवस, खाऊ देऊन अंगवळणी पाडावा. बाहेर गेल्यावर वाट मांजराने ठरवावी आणि आपण मागून जावे. ज्यास गर्दीचे भय वाटते त्यास ओढून नेऊ नये. त्याला खिडकीतले ऊनच पुरे.

शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखविण्यासाठी मांजर फिरविणे म्हणजे दरबारी हौसेचीच धाकटी आवृत्ती होय. दोर मांजराच्या रक्षणासाठी असेल, तरच तो हाती धरण्याचा आपणांस अधिकार आहे.