मुलाखत-उतारा (ध्वनिमुद्रणावरून)

गुणात्मक संशोधनासाठी ध्वनिमुद्रित केलेली मुलाखत ऐकून तिचा लेखी मजकूर तयार करणे. तासाभराच्या मुद्रणाला सरावलेल्या हातालाही साधारण चार ते सहा तास लागतात. दोघे एकदम बोलत असतील किंवा मागे गिरणी चालू असेल, तर आणखी. हे काम कारकुनी समजून परस्पर दुसऱ्याकडे सोपवले जाते, ते योग्य नव्हे. काय लिहायचे आणि काय गाळायचे हे ठरवतानाच संशोधकाची भूमिका ठरते, हे एलिनॉर ऑक्स यांनी १९७९ मध्ये मांडले. विराम, श्वास, एकमेकांवर चढलेले शब्द टिपण्यासाठी गेल जेफरसन यांची चिन्हपद्धती रूढ आहे.

बोली. खरी कसोटी इथे लागते. पेण-नागोठणे पट्ट्यात, कासूच्या आसपास, आगरी बोलणारा माणूस ‘घोरा’, ‘पानी’, ‘डोला’ म्हणतो. उतरवणाऱ्याच्या हातून सवयीने ‘घोडा’, ‘पाणी’, ‘डोळा’ लिहिले जाते. अर्थ शाबूत राहतो, पण बोलणारा कुठला, कोणत्या समाजातला, हे कागदावरून पुसले जाते. देवनागरीही पुरी पडत नाही : ‘चहा’ आणि ‘चमचा’ यांतले च वेगळे, अक्षर मात्र एकच. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) आगरी व कोळी बोलींचे नमुने आहेत, परंतु ते लेखी. अ. मा. घाटगे यांनी १९६०च्या दशकात महाडच्या कुणबी बोलीचे स्वतंत्र वर्णन प्रसिद्ध केले. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेच्या अलीकडच्या बोली-सर्वेक्षणामुळे आता मूळ आवाजही ऐकता येतो.

उतारा प्रमाण मराठीत असावा की बोलीत, याबाबत एकमत नाही. भाषाभ्यासकाला शब्दशः उतारा लागतो. समाजशास्त्रात आशयापुरता चालतो, असे काहींचे म्हणणे. मूळ मुद्रण जपून ठेवले, तर दोन्ही शक्य होते.

मराठीतील कामे. उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखतींवर ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) उभे केले. हेमा राईरकर व गी पॉइटविन यांच्या प्रकल्पात लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या उतरवल्या गेल्या.

संमती. मुद्रणापूर्वी घ्यावी, उताऱ्यात नावे बदलावीत.

यांत्रिक उतारे. प्रमाण मराठीसाठी सोय आहे. बोलीतील मुद्रण कानानेच तपासावे लागते.