उघडा सेल, तापलेली तार

ई-सिगारेट किंवा व्हेप बिघडते तेव्हा तक्रारी बहुधा दोनच असतात. एक म्हणजे ठरवून दिलेले तापमान यंत्र पाळत नाही आणि आतली कापसाची वात करपते. दुसरी, बॅटरी नको तितकी तापते आणि क्वचित पेटही घेते. दोष मात्र दोन्ही वेळा वापरणाऱ्याच्या पदरात पडतो: स्क्रू नीट आवळला नाही, भलताच चार्जर लावला, सेल किल्ल्यांबरोबर खिशात टाकला. अशा चुका होतात, यात शंका नाही. पण या यंत्राचे भाग मुळात कुठून आले हे पाहू लागलो की केवळ हलगर्जीपणाचे कारण पुरत नाही. त्यातला सेल आणि तापमान मोजण्याची त्याची रीत, या दोन्ही गोष्टी संरक्षक बांधणीच्या आत राहण्यासाठी घडल्या होत्या. व्हेपच्या हौसेने ती बांधणी काढून टाकली आणि तिने करायचे काम गिऱ्हाइकाच्या अंगावर आले. व्हेपच्या बिघाडांचे मूळ माझ्या मते इथे आहे.

आधी सेलचे पाहू. लिथियम भडकते हे या क्षेत्रातल्या लोकांना पहिल्यापासून ठाऊक होते. १९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी एक्सॉन कंपनीत पुन्हा चार्ज होणारी लिथियम बॅटरी बनवली, तिच्यात धातुरूप लिथियम होते. तसल्याच धातुरूप लिथियमच्या बॅटऱ्या कॅनडातील मोली एनर्जी कंपनीने बाजारात आणल्या, आणि जपानमधल्या मोबाइल फोनमध्ये आगीचा प्रकार घडल्यावर १९८९ मध्ये त्या परत मागवाव्या लागल्या. तोवर पर्याय तयार होत आला होता. १९८० मध्ये जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइडचा उपयोग दाखवला होता आणि १९८५ मध्ये असाही कासेई कंपनीतील अकिरा योशिनो यांनी धातूऐवजी कार्बन वापरून सेल जुळवला. पुढच्या वर्षी योशिनोंनी सेलवर वरून लोखंडी वजन टाकून पाहिले. धातुरूप लिथियमचा सेल पेटला, त्यांचा पेटला नाही. १९९१ मध्ये सोनीने ही लिथियम-आयन बॅटरी विक्रीला आणली आणि २०१९ मध्ये या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

तरीही चिरडल्यावर न पेटलेला सेल कधीच पेटणार नाही, असे उत्पादकांनी कधी मानले नाही. १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा, म्हणून १८६५० या आकड्याने ओळखला जाणारा नळकांडी सेल लॅपटॉपमध्ये गेला तो पहाऱ्यातच. आतला प्लास्टिकचा विभाजक पडदा ठरावीक उष्णतेला वितळून स्वतःची छिद्रे बुजवतो, दाब वाढला तर झडप वायू बाहेर सोडते. त्याभोवती बॅटरी पॅक, आणि पॅकमध्ये एक सर्किट: सेलचा विद्युतदाब ४.२ व्होल्टच्या वर जाऊ लागला की चार्जिंग थांबवायचे, फार खाली आला की पुरवठा तोडायचा, शॉर्ट झाले की क्षणात बंद करायचे. एवढे करूनही २००६ मध्ये सोनीच्या सेलमध्ये उत्पादनाच्या वेळी धातूचे बारीक कण शिरल्याचे आढळले आणि एकट्या डेल कंपनीला लॅपटॉपच्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत घ्याव्या लागल्या. पॅकच्या आत राहूनही जो सेल असा दगा देऊ शकतो, तो उघडा हाताळावा अशी कल्पना त्याच्या उत्पादकांनी केली नव्हती.

ती व्हेपने केली. अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ मध्ये तंबाखूविना, धुराविना सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, पण ते उपकरण बाजारात रुजले नाही. आजची ई-सिगारेट २००३ मध्ये चीनमधील औषधतज्ज्ञ होन लिक यांच्याकडून आली. तिच्यातली बॅटरी सिगारेटच्या जाडीची, म्हणजे अगदीच बेताची होती. हौशी लोकांना जास्त वाफ हवी होती. त्यांनी टॉर्चच्या नळ्या घेतल्या, आत मोठा सेल बसवला, वर तापणाऱ्या तारेची कॉइल लावली आणि खाली एक बटण. ‘मेकॅनिकल मॉड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारात सर्किटच नाही. बटण दाबले की सेल थेट तारेला जोडला जातो. इथे ओहमचा नियम कोणाची गय करत नाही. पूर्ण चार्ज झालेल्या ४.२ व्होल्टच्या सेलवर १.५ ओहमची कॉइल लावली तर २.८ अँपिअर प्रवाह वाहतो. मोठ्या वाफेसाठी ०.२ ओहमची लावली तर तोच प्रवाह २१ अँपिअर होतो, आणि जास्त प्रवाहासाठी बनवलेल्या अनेक सेलची सततची मर्यादाही २० अँपिअरच्या आसपास असते. सेलची ठेवणही बघण्यासारखी आहे. त्याचा अख्खा डबा ऋण टोक असतो, धन टोक म्हणजे वरची छोटी टोपी, आणि टोपी व डब्याची कड यांच्यात उरते काही मिलिमीटरचे अंतर. ते राखते एक कागदी चकती आणि वरचे पातळ प्लास्टिक वेष्टन. वेष्टन तिथे फाटले की खिशातली एखादी किल्लीही शॉर्टला पुरते.

तापमान नियंत्रणाची गोष्ट याहून जुनी. धातूची तार तापली की तिचा रोध वाढतो. म्हणजे रोध मोजला की तापमान कळते. समुद्राखालून टाकायच्या तारायंत्राच्या केबलची गुंडाळी साठवणीत आतून तापते आहे का, हे पाहण्यासाठी विल्यम सीमेन्स यांनी १८६० च्या सुमारास हीच युक्ती वापरली आणि १८७१ मध्ये प्लॅटिनमच्या तापमापीवर व्याख्यान दिले. पुढे ब्रिटिश असोसिएशनच्या समितीने तपासले तेव्हा तापवून थंड केल्यावर त्या तापमापीचे वाचन सरकत असल्याचे आढळले. १८८७ मध्ये केंब्रिजच्या ह्यू कॅलेंडर यांनी तार शुद्ध राखून, तिला ताण न देता आणि संसर्गापासून दूर ठेवून हा दोष घालवला. रोधावरून तापमान काढायचे तर तार, जोड आणि सुरुवातीचे माप, तिन्ही जपावी लागतात, हे त्यातून सिद्ध झाले. कारखान्यांमध्ये आज ही तापमापी बंद नळीत असते ती उगीच नाही.

२०१४ मध्ये अमेरिकेतील इव्हॉल्व्ह कंपनीने डीएनए ४० ही चिप आणून हे तत्त्व व्हेपमध्ये आणले. तापणारी कॉइल हीच तापमापी. नेहमीच्या कँथल तारेचा रोध तापल्यावर जवळजवळ बदलत नाही, म्हणून निकेलची तार घ्यायची. निकेलचा रोध दर अंशाला साधारण ०.६ टक्क्याने वाढतो. २० अंशांना ०.१० ओहम असलेली कॉइल २२० अंशांना ०.२२ ओहम दाखवते आणि चिप तिथे वीज आवरते. आता समजा, कॉइल अजून ७० अंशांवर गरम असतानाच यंत्राने तिचे ‘थंड’ माप घेतले. ते ०.१३ येईल, आणि यंत्राच्या हिशेबातले २२० अंश गाठेपर्यंत तार प्रत्यक्षात ३३० अंशांच्या घरात जाईल. कापूस त्याच्या कितीतरी आधी करपतो. सैल स्क्रूमुळे जोडाचा रोध मागाहून वाढला तर उलटे होते: तार थंड असताना चिपला ती तापल्यासारखी वाटते आणि वाफच येत नाही. स्टेनलेस स्टीलचा रोध दर अंशाला जेमतेम ०.०९ टक्क्याने वाढतो, त्यामुळे तिथे जोडाच्या रोधातली तेवढीच चूक कितीतरी मोठी ठरते. म्हणूनच बिघाड शोधताना कॉइल पूर्ण थंड करून माप पुन्हा घेणे, स्क्रू आवळणे आणि तारेचा धातू यंत्रात बरोबर निवडणे, या तीन गोष्टी आधी तपासायच्या. ही कॅलेंडरच्या प्रयोगशाळेतली शिस्त आहे. इथे ती गिऱ्हाइकाला रोज पाळावी लागते.

या मांडणीवर पहिला आक्षेप येईल की असे अपघात मोजकेच आहेत. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातले, बातम्यांत आलेले १९५ प्रसंग नोंदवले, हे खरे. पण त्यांतल्या ६१ प्रसंगांत यंत्र किंवा सेल खिशात होता, म्हणजे बिघाड वापरताना झालाच नाही. शिवाय रुग्णालयांच्या नोंदींवरून केलेल्या एका अंदाजाप्रमाणे २०१५ ते २०१७ मध्ये तिथल्या आपत्कालीन विभागांत स्फोटाचे व भाजल्याचे सुमारे २,०३५ रुग्ण आले. २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्ससमध्ये एकेक मृत्यू झाला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चिपने सुरक्षा परत आणलीच ना? आणली, आणि ते श्रेय द्यायलाच हवे. प्रवाहाची मर्यादा, शॉर्टची ओळख, सेल उतरल्यावर पुरवठा तोडणे, हे सारे पॅकमधल्या सर्किटचेच काम आहे. पण चिपचा पहारा सेल यंत्रात असेपर्यंतच. सेल काढून खिशात किंवा बॅगेत टाकला की तो पुन्हा उघडा. अमेरिकेच्या ग्राहकसुरक्षा आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये सुटे १८६५० सेल विकत घेऊ वा वापरू नका असा इशारा दिला, तो याच कारणाने.

भारतात २०१९ पासून ई-सिगारेटच्या उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरातीवर बंदी आहे, तेव्हा हा इतिहास परका वाटेल. बंदी यंत्रावर आली, सेल मात्र घरोघरी आहे. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या विजेरी स्कूटरने पेट घेतला, आणि देशातल्या अशा घटनांनंतर केंद्राने वाहनांच्या बॅटऱ्यांच्या चाचण्या कडक केल्या. तिथे निदान जबाबदारी उत्पादकावर टाकण्याची वाट सापडली. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल टॉर्चमध्ये किंवा घरगुती पॉवर बँकेत घालणाऱ्याला मात्र स्वतःशिवाय पहारेकरी नसतो. म्हणून सुटा १८६५० सेल घेऊ नका. घरात असेलच तर प्लास्टिकच्या डबीत ठेवा, वेष्टन फाटलेला सेल पुन्हा वापरू नका, आणि तो कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनात द्या.