गोळ्याची गोष्ट

परभणी–पूर्णा मीटरगेजची गाडी आठवते? लहान स्टेशन न थांबता ओलांडताना ड्रायव्हर हात बाहेर काढून मोठी कडी झेलायचा. कडीच्या पिशवीत लोखंडी गोळा असे. आपल्याला ती गंमत वाटायची. खरे तर तो पुढच्या स्टेशनापर्यंतचा परवाना होता.

या पद्धतीमागे एक अपघात आहे. १० सप्टेंबर १८७४ रोजी इंग्लंडमध्ये नॉर्विचजवळ थॉर्प येथे, तारेच्या निरोपातील घोटाळ्यामुळे एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. २५ जण दगावले. पुढे १८७८ साली एडवर्ड टायर या रेल्वे सिग्नलच्या अभियंत्याने टॅब्लेट यंत्राचे पेटंट घेतले. दोन स्टेशनांवरची यंत्रे विजेच्या तारेने जोडलेली असत. एका यंत्रातून चकती निघाली की ती दोहोंपैकी एकात परत पडेपर्यंत दुसरी निघत नसे. माणूस चुकला तरी यंत्र अडवी. आपला गोळाही याच तत्त्वावर चाले.

आपल्या वर्गातील दोघांचे वडील पूर्णेला रेल्वेत होते. पावसाळ्यातल्या रात्रीही ते कंदील घेऊन कडी उंच धरून उभे राहत, आणि आपण डब्यात निश्चिंत झोपलेले असू. मेळाव्यात ते दोघे भेटतील तेव्हा हे त्यांना सांगायचे आहे. इतकी वर्षे राहूनच गेले.