वाया गेलेले वर्ष

दिवाळीच्या दिवसांत कोणाच्याही घरी जावे, तर फराळाच्या ताटापाठोपाठ सहामाहीचे गुणपत्रकही पुढे येते. मी पडलो शाळामास्तर. चकलीचा तुकडा तोंडात पडतो न पडतो तोच यजमानीणबाई म्हणतात, "मास्तर, याला जरा सांगा हो. असाच अभ्यास केला तर वर्ष वाया जाईल!" आणि तो बिचारा मुलगा करंजीकडे पाहात उभा असतो.

वर्ष वाया जाण्याची ही धास्ती आली कोठून, याचा शोध घेऊ लागलो म्हणजे मला मुंबई विद्यापीठाची आठवण होते. १८५७ साली ते स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. शंभरावर मुले बसली आणि वीस-बावीस तेवढी तरली. त्यांत महादेव गोविंद रानडे होते; वय वर्षे सतरा. पुढे १८६२ साली विद्यापीठाचे पहिले पदवीधर झाले, त्यांतही ते होते. पायरीमागून पायरी, कोठे ठेच नाही. मुलांना सांगण्यासाठी आईबापांना असेच चरित्र हवे असते. अहोरात्र वाचून रानड्यांनी ऐन तारुण्यात आपले डोळे अधू करून घेतले, हे मात्र सांगायचे राहून जाते.

मला अधिक ओढ वाटते ती मुरुडच्या एका मुलाची. हे मुरुड दापोली तालुक्यातले, समुद्रकाठचे. मुलाचे नाव धोंडो केशव कर्वे. घरची गरिबी, पण शाळेत सोमण गुरुजींसारखा मास्तर लाभलेला. मराठी सहावीची सरकारी परीक्षा दिली, की मास्तरकी किंवा कचेरीतली लहानशी नोकरी मिळण्याची आशा असे. पण परीक्षा गावात थोडीच होणार! मुंबईला जावे तर पावसाळ्यात समुद्राचा भरवसा नाही. तेव्हा १८७५ च्या सप्टेंबरात हा मुलगा सोबत्यांबरोबर पायी साताऱ्याला निघाला. शंभर मैलांहून अधिक वाट, वरून पाऊस, मध्ये सह्याद्रीचा घाट. आजची मुले परीक्षेच्या आदल्या रात्री उजळणी करतात. या मुलांनी ती चिखल तुडवीत केली असेल तर कोण जाणे!

साताऱ्यास पोचल्यावर काय व्हावे? परीक्षेला सतरा वर्षे पुरी लागत. कर्व्यांना ती एप्रिलातच पुरी झाली होती, पण अंगकाठी लहान. परीक्षक मंडळींना काही हा मुलगा सतरा वर्षांचा वाटेना. त्यांनी त्याला बसूच दिले नाही. प्रश्नपत्रिका हाती पडण्यापूर्वीच परीक्षा संपली! एवढी पायपीट करून आलेल्या मुलाने तीच वाट पुन्हा तुडवीत घर गाठले, तेव्हा त्याच्या मनात काय चालले असेल, हे कादंबरी लिहिणाऱ्या मलाही नीट रंगवता यायचे नाही.

दुसऱ्या वर्षी कोल्हापूरच्या केंद्रावर ते बसले आणि उत्तीर्ण झाले. मधल्या वर्षात पुस्तके तीच, गणिते तीच. वर्गात इतकी वर्षे उभे राहून एक गोष्ट मी पाहिली आहे. पहिल्या खेपेस मुलगा पाठ करतो. दुसऱ्या खेपेस, घरच्यांनी टोमणे मारून त्याला अर्धमेला केला नसेल तर, तेच त्याला उकलू लागते. 'तर' महत्त्वाचा आहे. शिवाय ज्यांना दुसरी खेप मिळालीच नाही, घरच्या अडचणींनी ज्यांना शेतावर नाही तर दुकानात बसवले, त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. त्यांचे वर्ष खरोखरच गेले. ते परीक्षेने नेले की दारिद्र्याने, एवढाच प्रश्न.

कर्व्यांना पुढे इंग्रजी शिकायचे होते. ते मॅट्रिक झाले १८८१ साली, म्हणजे तेविसाव्या वर्षी. रानड्यांहून सहा वर्षे उशिरा, आणि तेही लग्न झालेले असताना! आज तेवीस वर्षांचा विद्यार्थी शाळेच्या बाकावर बसला तर शेजारीपाजारी काय म्हणतील, याची कल्पनाच केलेली बरी. कर्वे शिकवण्या करीत शिकले आणि १८८४ साली गणित घेऊन बी. ए. झाले.

त्याच सुमाराच्या आणखी एका गणित्याची गोष्ट याहून गमतीची आहे. डेक्कन कॉलेजात गेल्यावर बाळ गंगाधर टिळकांनी पहिले वर्ष जोर, कुस्ती आणि पोहणे यांत घालवले. प्रकृती कमावली, परीक्षा साधली नाही. असा मुलगा आपल्या पदरी असता तर आपण काय केले असते? पुढे त्यांनी गणित घेऊन पहिल्या वर्गात पदवी मिळवली. पुण्यात फर्ग्युसन कॉलेज निघाले तेव्हा तेथे ते गणित शिकवू लागले. १८९० साली मतभेद होऊन टिळक संस्थेतून बाहेर पडले आणि गणिताची जागा मोकळी झाली. गोपाळ कृष्ण गोखले तेथेच प्राध्यापक होते. मुंबईच्या कॉलेजातला आपला जुना सोबती त्यांना आठवला, आणि १८९१ साली कर्व्यांना पुण्याहून बोलावणे गेले. साताऱ्याला वयाने लहान ठरलेले कर्वे तेव्हा तेहेतीस वर्षांचे होते. टिळकांच्या जागेवर उभे राहून त्यांनी १९१४ पर्यंत गणित शिकवले.