२६ जुलै : गेटवेला भुरभुर, कुर्ल्याला पूर

हे कुटुंब कल्पित आहे. पाऊस, भरती आणि पाणी मात्र २६ जुलै २००५ रोजी जसं होतं तसंच आहे.

सकाळी साडेसहा
सोलापूरहून रात्रीच्या गाडीने निघालेले पाच जण दादरला उतरतात: आई-वडील, शाळा बुडवून आलेली दोन मुलं आणि आजी. मुक्काम मामाकडे, कुर्ला पश्चिमेला, चाळीत तळमजल्यावर. चाळीच्या मागून मिठी वाहते. ती नदी आहे हे चाळीतल्या निम्म्या लोकांना माहीत नाही, कारण सगळे तिला नालाच म्हणतात. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून, विमानतळाच्या धावपट्टीखालून वळणं घेत माहीमच्या खाडीला मिळणारी ही जवळपास १८ किलोमीटरची नदी. झोपड्या, कारखाने, धावपट्टी, वांद्रे-कुर्ला संकुलाचा भराव, जो आला त्याने तिच्या पात्रातलंच थोडं घेतलं.

सकाळी नऊ
आजीचे गुडघे धरलेत. "तुम्ही जाऊन या, मी पडते जरा," म्हणून ती घरीच राहते. मामा-मामी कामावर गेलेत. आभाळ भरलेलं आहे, पण पाऊस नावापुरताच. जुलैतल्या मुंबईत एवढ्यासाठी कोणी घरी बसत नाही.

सकाळी अकरा
मंगळवार असल्यामुळे सिद्धिविनायकाची रांग लांबच लांब. दर्शन घेऊन बस, मग तारापोरवाला मत्स्यालय. धाकटी काचेला नाक लावून उभी राहते आणि हलायला तयार नसते.

दुपारी अडीच
गेटवे ऑफ इंडिया. भुरभुर चालू आहे, छत्रीही धड उघडावीशी वाटत नाही. मोठा कमानीखाली उभं राहून फोटो काढून घेतो.

याच वेळी पंचवीसेक किलोमीटरवर सांताक्रूझला आभाळ फाटलंय. पंधरा किलोमीटर उंचीपर्यंत चढलेले ढग उपनगरांवर ठाण मांडून आहेत. अडीच ते साडेसहा या चार तासांत तिथे ४८१ मिलिमीटर पाऊस पडणार आहे. मुंबईची पावसाळी गटारं ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील अशा बेताने बांधलेली, तेही समुद्राला ओहोटी असेल तर. ती वाढवायला हवीत हे सांगणारा ब्रिमस्टोवॅड अहवाल महापालिकेकडे १९९३ पासून आहे.

हा पाऊस कोणाला थांबवता आला नसता. पण निरोप देता आला असता, आणि मला त्या दिवसाबद्दल सर्वांत जास्त सलतं ते हेच. एकाच शहराचं एक टोक बुडत होतं आणि दुसऱ्या टोकाला त्याचा पत्ता नव्हता. सीएसटीला आणि चर्चगेटला कोणी भोंग्यावरून एवढंच सांगितलं असतं की आहात तिथेच थांबा, तर किती माणसं पाण्याच्या दिशेने निघालीच नसती! उलट, पाऊस वाढतोय म्हणून कचेऱ्या लवकर सोडल्या गेल्या आणि लोक कोरड्या जागेतून उठून थेट पुराकडे निघाले.

दुपारी ३ वाजून ५० मिनिटं
भरती, ४.४८ मीटर. समुद्र इतका चढला की गटारांची तोंडं पाण्याखाली जातात आणि शहरातलं पाणी बाहेर पडायचं थांबतं. माहीमच्या खाडीत मिठीला पुढून समुद्र अडवतो, मागून विहार आणि पवईचं पाणी लोटत येतं. मधे कुर्ला, कलिना, वांद्रे. चाळीच्या मोरीतून पाणी उलटं वर येऊ लागतं. खाटेवरून आजीला ते दिसतं.

दुपारी साडेचार
मंडळी सीएसटीला पोचतात. फलाटावर पाय ठेवायला जागा नाही, इंडिकेटर कोरे. वडील मामाच्या शेजाऱ्यांकडे फोन लावतात. लागत नाही. मोबाइलवाल्यांचेही लागत नाहीत. लोकल ठप्प आहेत, विमानतळ बंद होतोय. आज रात्री सीएसटी आणि चर्चगेट या दोन टर्मिनसांत दीड लाखांवर माणसं अडकून पडणार आहेत.

संध्याकाळी सहा
आई मुलांना घेऊन फलाटावरच बसते. वडील टॅक्सीने दादरपर्यंत जातात, तिथून चालत. शीवला पाणी छातीला लागतं. माणसं साखळी धरून चालली आहेत, पुढचा ओरडून मागच्याला उघड्या मॅनहोलची खूण सांगतो. रस्त्यात बुडालेल्या मोटारी आहेत. विजेवर चालणाऱ्या काचा आणि दारं न उघडल्यामुळे त्या दिवशी काही जण गाडीतच गुदमरून गेले.

रात्री आठ
उपनगरांत वीज नाही. साकीनाक्याला दरड झोपड्यांवर कोसळली आहे. कुर्ल्याच्या चाळीत तळमजल्याच्या दारांची वरची चौकटच तेवढी दिसते. आजी वर आहे, पहिल्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात. शेजारच्या पोरांनी तिला खाटेसकट उचलून जिन्याने नेलं. बारा बाय दहाच्या त्या खोलीत चार घरांची माणसं बसलेली. स्टोव्ह पेटवून कोणी चहा टाकला आहे. वडील अजून शीवच्या पुलावर आहेत आणि यातलं काहीच त्यांना माहीत नाही.

बुधवार, सकाळी साडेआठ
सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांची नोंद: ९४४ मिलिमीटर. मुंबईचा आधीचा उच्चांक होता ५७५, कुलाब्याचा, जुलै १९७४मधला. आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला पडलेला पाऊस ७४ मिलिमीटरच्याही आत. मुंबईत चारशेहून अधिक माणसं गेली, राज्यात हजारावर.

दुपारी वडील कुर्ल्याला पोचतात, चिखलाने माखलेले. आजी आधी मुलांचं विचारते.

पुढे माधवराव चितळे यांच्या समितीने या पुराची चौकशी केली. महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. आता कुर्ल्याला किती पडतोय ते दर पंधरा मिनिटांनी कुलाब्यात बसून कळू शकतं.