सावर्डे : चिऱ्याची घरे

सावर्डे (ता. चिपळूण, जि. रत्नागिरी) हे मुंबई–गोवा महामार्गावरील बाजाराचे गाव असून ते कोकण रेल्वेचे स्थानकही आहे. कात उद्योग आणि चित्र-शिल्पकलेचे शिक्षण देणारी सह्याद्री शिक्षण संस्थेची शाळा यांमुळे ते ओळखले जाते. गावाची व आसपासच्या वाड्यांची जुनी घरे जांभ्या दगडाची आहेत.

जांभा सड्यावरच्या खाणीतून निघतो. लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेला हा दगड खाणीत ओलसर व मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो. म्हणून चिरे ताजे असतानाच तासून घेतात. चिरा साधारण 14 इंच लांब आणि 9 इंच रुंद असतो. हाताने तासलेल्या चिऱ्यावर हत्याराचे तिरपे घाव राहतात. यंत्राने कापलेला चिरा गुळगुळीत असतो, त्यामुळे जुनी भिंत नुसत्या नजरेने ओळखू येते. जुन्या बांधकामात चिरे मातीत किंवा चुन्यात बसवलेले आढळतात.

घराचा सारा आराखडा पाऊस ठरवतो. जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जांभा सच्छिद्र असल्याने पाणी शोषतो; म्हणून जोते उंच, छप्पर उतरते आणि पाखे भिंतीच्या बऱ्याच बाहेर आलेले असतात. झडीच्या बाजूची पडवी भिंतीला कोरडे ठेवते, पावसाळ्यात तिला झापांचा आडोसाही करतात. पुढे खळे, मग पायऱ्या, पडवी, ओटी, माजघर, देवघर व स्वयंपाकघर असा क्रम असतो. वर माळा असतो. मागे परसू आणि विहीर. बांधाला चिऱ्यांचा किंवा दगडधोंड्यांचा गडगा असतो.

छपरावर पूर्वी देशी नळीची कौले असत. ती दरवर्षी शाकारावी लागत. 1865 पासून मंगळूरला बनू लागलेल्या सपाट कौलांनी पुढे त्यांची जागा घेतली. रत्नागिरीत ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठी 1910 मध्ये बांधलेल्या थिबा राजवाड्याचे छप्परही उतरतेच आहे. या पावसापुढे राजालाही सवलत नाही.

अलीकडे जुन्या चिऱ्यावर सिमेंटचा गिलावा चढवण्याची रीत पडली आहे. ती दगडाला मानवत नाही: भिंतीतील ओल बाहेर पडण्याची वाट बंद होते आणि गिलाव्याचे पोपडे सुटतात. नव्या घरांत चिरा बहुधा सिमेंटच्या मालात रचतात आणि वर स्लॅब घालतात. उतरते छप्पर नसल्याने अशा स्लॅबवर पुढे पत्र्याची शेड उभी राहताना दिसते.